जीझस ड्रेड

जमैकन रेगे गायक-निर्माते यॅबी यू (मूळ नाव व्हिव्हियन जॅक्सन, १९४६–२०१०) यांच्या १९७२ ते १९७७ मधील ध्वनिमुद्रणांचा दोन सीडींचा संग्रह. मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ कंपनीने तो १९९७ मध्ये काढला.

जॅक्सन किंग्स्टनचे. पोरवयात ते वॉटरहाउस वस्तीत स्वयंपाकाची भांडी ओतण्याच्या भट्टीवर राबले. कुपोषणाने खाट धरली, पुढे संधिवाताने पाय अधू झाले. मग घोड्यांच्या शर्यतीत टिपा देऊन पोट भरले. भोवतालचे रास्ताफारी पंथाचे लोक इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासीला देव मानत. जॅक्सन त्यांच्यासारख्या जटा (ड्रेड) राखूनही येशूलाच धरून राहिले. ‘जीझस ड्रेड’ हे त्यांचे टोपणनाव त्यातूनच आले. त्यांची गाणीही बायबल कोळून प्यालेल्या माणसाची आहेत: इजिप्तच्या राजावरची (फेरोवरची) संकटे, जेरुसलेमच्या भिंती, शेवटचा न्याय. ‘कॉन्करिंग लायन’ या गाण्याच्या आरंभी ‘बी यू, यॅबी यॅबी यू’ असा घोष आहे. त्याला धड अर्थ नाही, पण लोकांनी तेच गायकाचे नाव करून टाकले.

जमैकात ४५ आरपीएमच्या तबकडीच्या मागल्या बाजूला गाण्याचे ‘व्हर्शन’ देत. त्यात गळा वगळून बहुतेक साथच उरे. साउंड सिस्टिमवर, म्हणजे नाचासाठी लावलेल्या फिरत्या ध्वनियंत्रणेवर, ती लागली की डीजे तिच्यावर बोलत. (तिकडे डीजे म्हणजे तालावर बोलणारा, तबकडी लावतो तो सिलेक्टर.) ‘कॉन्करिंग लायन’च्या साथीवर बिग यूथ या डीजेने ‘यॅबी यूथ’ केले. संग्रहात एकाच साथीवरची अशी भावंडे जवळजवळ ठेवली आहेत, आणि त्याची खरी किंमत इथेच आहे.

साथ अशी मोडून-जोडून केलेल्या मिश्रणाला डब म्हणतात. इथल्या डबची बरीच करामत किंग टबी यांची. हे मुळात विजेची उपकरणे दुरुस्त करणारे. वॉटरहाउसमधल्या घरातच त्यांचा स्टुडिओ होता. न्हाणीघर गायकासाठी राखलेले, मिक्सर चार ट्रॅकचा. एका ट्रॅकवर ड्रम-बास, दुसऱ्यावर गळा, अशी वाटणी. टबी गळा मध्येच तोडत, उरलेला शब्द एकोत (प्रतिध्वनीत) भिरकावत, आणि खालचे सूर गाळणाऱ्या फिल्टरची मोठी खुंटी फिरवून झांजेचा नुसता सुस्कारा ठेवत.

यांतली काही मिश्रणे ‘किंग टबीज प्रॉफेसी ऑफ डब’ या अल्बममध्ये १९७६ सालीच आली होती. तिथे मात्र गायक जवळपास नाहीसाच होतो. इथे मूळ गाणे नुकतेच कानावरून गेलेले असते, त्यामुळे गळा थांबला तरी पुढची ओळ मनात चालू राहते. नवख्याने अख्खी सीडी एका बैठकीत लावू नये. तीच साथ तिसऱ्यांदा आली की कान कंटाळतो.