मूल जाड म्हणजे थायरॉईडच?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय: ‘मूल जाड आहे म्हणजे थायरॉईड बिघडलंय, गोळी दिली की उतरेल.’ आईबापांना हे पटणं साहजिक आहे. पण थायरॉईडसारख्या हार्मोनच्या आजारातून आलेला लठ्ठपणा मुलांत क्वचितच असतो, आणि त्यात उंची सहसा खुंटते. शाळेतल्या उंचीच्या जुन्या नोंदी काढून बघा. ती नीट वाढत असेल तर ही शक्यता कमी.

बहुतेकदा उलटं घडतं. पोटावरची चरबीच हार्मोन बिघडवते: रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन असूनही नीट काम करत नाही, स्वादुपिंड आणखी सोडतं, हळूहळू रक्तदाब आणि रक्तातली चरबी चढते. मानेमागचा मखमली काळा पट्टा याचीच खूण असू शकतो. तो मळ नव्हे, घासून मुलाला रडवू नका. पाच वर्षांपुढच्या मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्तदाब, साखर तपासून घ्या.