आवक, जावक आणि साठा: गणिताच्या वाटेने शरीरक्रियाशास्त्र

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे बारावीला गणिताचा गट घेणारा विद्यार्थी बहुधा जीवशास्त्राचा निरोप घेऊनच अभियांत्रिकीकडे वळतो. तोच पुढे बायोमेडिकल इंजिनिअरिंगला जातो, तेव्हा शरीरक्रियाशास्त्र त्याच्यासमोर नावांची लांबलचक यादी होऊन येते आणि हा विषय पाठांतराचाच आहे असा त्याचा समज होतो. माझ्या मते या विद्यार्थ्यांना आधी मोजता येणाऱ्या राशी शिकवाव्यात आणि नावे मागाहून. कारण त्यांना येणारे गणित हीच शरीरापर्यंत जाणारी त्यांची सर्वांत जवळची वाट आहे.

सुरुवात एकाच समीकरणाने करता येते. आत आलेले आणि आत तयार झालेले यांच्या बेरजेतून बाहेर गेलेले वजा केले की साठ्यातला बदल मिळतो. जायकवाडीची आवक, विसर्ग आणि बाष्पीभवन यांच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तो बऱ्याच अंशी याच हिशेबाच्या बळावर. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि अवयवांत ते संपून जाते, अशी तोवरची समजूत होती. हार्वेने एका ठोक्याला हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा मुद्दाम कमी अंदाज धरला, त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणले आणि एवढे रक्त अन्नातून तयार होणे शक्यच नाही हे दाखवले. आजचे आकडे घेतले, तर ठोक्याला ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर; शरीरातले एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्या हार्वेने पाहिल्याच नव्हत्या. त्या १६६१ मध्ये माल्पिगी या इटालियन वैद्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, पण रक्त परत फिरण्याचा काही मार्ग असलाच पाहिजे हे गुणाकाराने आधीच सांगून ठेवले होते.

हेच समीकरण मराठवाड्यातल्या मे महिन्याला लावावे. पारा ४२ अंशांवर असताना त्वचा साधारण ३५ अंशांवर असते, म्हणजे हवाच शरीराला उष्णता देत असते आणि ती बाहेर टाकायला घामाखेरीज मार्ग उरत नाही. शेतमजुराच्या शरीरात कामामुळे ३०० वॉट उष्णता निर्माण होते असे धरले, तर तासाला सुमारे ११ लाख ज्यूल होतात. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल शोषले जातात. म्हणजे तासाला जवळपास अर्धा लिटर घाम, तोही निथळून न जाता अंगावर वाळला तर, आणि उन्हाची व तापलेल्या हवेची उष्णता अजून मोजलेलीच नाही.

अवकल समीकरण, म्हणजे बदलाच्या वेगाचे समीकरण, शिकवायला मात्र डायलिसिससारखे, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करण्यासारखे, उदाहरण नाही. शरीरातले पाणी ४० लिटर आहे आणि यंत्र मिनिटाला २०० मिलिलिटर रक्त युरिया या टाकाऊ पदार्थापासून मुक्त करते असे समजू. युरिया निघण्याचा वेग शिल्लक युरियाच्या प्रमाणात असल्यामुळे घट सरळ रेषेत होत नाही: सुरुवातीची पातळी १०० धरली तर पहिल्या दोन तासांत ती ५५ वर येते, पुढच्या दोन तासांत ५५ वरून ३० वर. चार तासांत ४८ लिटर रक्त युरियामुक्त झाले. त्याला ४० ने भागले की १.२ येतात. गॉच आणि सार्जंट यांनी १९८५ मध्ये पुढे आणलेले हे गुणोत्तर केटी भागिले व्ही (के म्हणजे शुद्धीकरणाचा वेग, टी म्हणजे वेळ, व्ही म्हणजे शरीरातले पाणी) या नावाने ओळखले जाते आणि आठवड्यातून तीनदा उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी १.२ ही किमान पातळी मानली जाते. डायलिसिसची वेळ का कापू नये, हे रुग्णाच्या नातेवाइकांनाही या आकड्यांवरून सांगता येते.

खरे शिक्षण सुरू होते ते हे समीकरण चुकते तिथे. यंत्र थांबल्यावर अर्धा ते एक तास रक्तातला युरिया पुन्हा चढतो, आणि एकाच साठ्याच्या गणितात याला जागा नाही. स्नायूंमध्ये पाणी भरपूर असते, पण विश्रांतीच्या वेळी तिथे रक्त त्या मानाने कमी पोहोचते, त्यामुळे तिथला युरिया मागाहून रक्तात उतरतो. म्हणूनच उपचार संपताक्षणी घेतलेल्या नमुन्यावरून शुद्धीकरण प्रत्यक्षापेक्षा चांगले झाल्यासारखे दिसते. मग एकाऐवजी दोन साठे मांडावे लागतात आणि त्यांच्यातल्या देवघेवीचा वेग ठरवण्यासाठी पेशीपटल आणि स्नायूंचा रक्तपुरवठा ही प्रकरणे विद्यार्थ्याला स्वतःहून उघडावी लागतात.