घरच्या कॉम्प्रेसरसाठी हवेचा पाईप घेताना

कॉम्प्रेसर निवडायला ग्राहक चार दुकानं फिरतात, आणि पाईप मात्र "द्या कुठलाही दहा मीटर" म्हणून घेऊन जातात. मग फोन येतो: स्प्रे गन नीट मारत नाही, रंगाचे ठिपके उडतात, गन बदलून द्या. गन आम्ही तपासतो. बहुतेक वेळा ती चांगलीच असते, हवा अडलेली असते पाईपमध्ये.

म्हणून पाईप घेताना आधी त्याच्या तोंडात बघा. निळा पीयू (पॉलियुरेथेन) पाईप बाजारात '८ एमएम' म्हणून मिळतो, पण ते ८ बाहेरचं माप असतं. आतलं भोक साधारण ५ ते साडेपाच मिमी. रबरी होजला ८ म्हटलं की ते आतलं माप. आकडा तोच, पण ५ मिमीच्या भोकापेक्षा ८ मिमीच्या भोकातून हवेला अडीचपट मोठी वाट मिळते. विचारताना "आतून किती?" असंच विचारा.

हवा वाहत नसते तेव्हा पाईपच्या दोन्ही टोकांना प्रेशर सारखंच दिसतं, त्यामुळे ही चूक लक्षात येत नाही. गनच्या मागे छोटा गेज लावा, ट्रिगर दाबून धरा आणि काटा बघा. रेग्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्रेसरवरच्या प्रेशर कमी-जास्त करायच्या नॉबवर, ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असताना गनपाशी काटा अडीचवर उतरत असेल, तर रेग्युलेटर पिळत बसू नका. पाईप आणि कपलर (पाईप झटकन जोडायचा-काढायचा जोड) आतून मोठे घ्या.

टायरमध्ये हवा भरणं, धूळ उडवणं, छोटा नेलर (हवेने खिळे मारायची गन) चालवणं, एवढ्याला ८ बाय ५ चा पीयू पुरतो. स्प्रे पेंटिंग, नट-बोल्ट खोलायची इम्पॅक्ट गन किंवा हवेचा ग्राइंडर असेल तर आतून ८ मिमी, आणि लांबी दहा मीटरच्या पुढे जाणार असेल तर ३ सूत, म्हणजे सुमारे १० मिमी घ्या. काम लांब असेल तर पातळ एक्स्टेन्शन वायर ओढून कॉम्प्रेसर पुढे नेऊ नका. व्होल्टेज पडून मोटर तापते. त्यापेक्षा मोठ्या भोकाचा पाईप लांब घेणं केव्हाही बरं.

पीव्हीसी स्वस्त, पण उन्हात मऊ आणि थंडीत ताठ होतो, शिवाय वेटोळ्याची आठवण सोडत नाही. पीयू हलका आणि लवचीक, छोट्या वर्कशॉपमध्ये हाताला सोपा. मात्र वेल्डिंग-ग्राइंडिंगची ठिणगी पडली की त्याला भोक पडतं, तिथे वजन सोसून रबरीच घ्या. कोकणासारख्या दमट हवेत पीयू घेताना पॉलिएथर जातीचा मागा. पॉलिएस्टर जातीचा ओलाव्याने हळूहळू चिरतो.

घरगुती कॉम्प्रेसर बहुधा ८ किलोला बंद होतो. पाईपवर छापलेलं वर्किंग प्रेशर, म्हणजे रोजच्या वापराचं प्रेशर, त्याहून बरंच जास्त हवं, कारण तो आकडा साधारण खोलीच्या तापमानाचा असतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली पाईपची ताकद त्याहून कमी भरते. बर्स्ट प्रेशरचा, म्हणजे पाईप फुटतो त्या प्रेशरचा, मोठा आकडा दाखवून कोणी पाईप विकत असेल तर वर्किंग प्रेशर विचारा. आणि नळाच्या कामाचा कडक पीव्हीसी पाईप हवेसाठी कधीही वापरू नका. तो फुटतो तेव्हा त्याचे धारदार तुकडे उडतात.

जोडणीत घाई नको. पीयू ब्लेडने सरळ कापा, तिरपा काप कनेक्टरमध्ये गळतो. रबरी होज निपलवर पूर्ण चढवून क्लिप आवळा. सैल क्लिप सुटली तर पाईप चाबकासारखा फिरतो. जोडून झालं की साबणाचा फेस लावून गळती बघा, आणि कपलर काढण्याआधी पाईपमधली हवा सोडा.

पाईप घ्यायला येताना गन सोबत आणा. आम्ही काउंटरवरच गेज लावून, ट्रिगर दाबून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत.