डिफॉल्टव्हर्स की एनएफएसव्हर्स? माउंटच्या दोन ओळींतला फरक

एनएफएस म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचे (सर्व्हरवरचे) फोल्डर नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत; ते फोल्डर आपल्या यंत्राला जोडणे म्हणजे माउंट करणे. लिनक्सवर असे माउंट करताना एनएफएसची कोणती आवृत्ती वापरायची, हे 'एटीसी' फोल्डरमधल्या एनएफएसमाउंट डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ठरवता येते. तिथे 'डिफॉल्टव्हर्स' आणि 'एनएफएसव्हर्स' या दोन ओळी असतात, बहुधा # लावून बंद केलेल्या. (फाइलमध्ये नावे आणि आकडे रोमन लिपीतच लिहा.) दोन्हींपुढे आवृत्तीचा आकडा येतो, म्हणून कोणतीही चालेल असे वाटते. तसे नाही.

डिफॉल्टव्हर्स फक्त सर्व्हरशी आवृत्तीची बोलणी कुठून सुरू करायची ते सांगते. ४.१ लिहिले तर माउंट आधी ४.१ मागतो, नाही मिळाली तर ४.०, मग ३. उतरतो, पण वर चढत नाही. त्यामुळे इथे ३ लिहिले, तर सर्व्हर ४.२ देत असला तरी तुम्हाला ३च मिळेल.

एनएफएसव्हर्स ही अट आहे. ४ लिहिले तर ४.२, ४.१, ४.० यांपैकी एक मिळू शकते, ३ कधीच नाही. नेमके ४.१ लिहिले तर तेवढेच. सर्व्हरकडे नसेल तर माउंट होत नाही.

डिफॉल्टव्हर्समुळे ४ वरून ३ वर होणारी घसरण गप्प होते, म्हणून ती घातक. आवृत्ती ४ मध्ये फाइल-लॉकची (एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणूनची) सोय प्रोटोकॉलमध्येच असते आणि सगळे काम टीसीपीच्या २०४९ पोर्टवर चालते. आवृत्ती ३ ला आरपीसीबाइंड (पोर्ट १११), माउंटडी आणि लॉकसाठी स्टॅटडी हे वेगळे मदतनीस प्रोग्राम लागतात. समजा सर्व्हरवर कुणी ४ बंद केली आणि फायरवॉलमध्ये फक्त २०४९ उघडे आहे. डिफॉल्टव्हर्स असेल तर माउंट ३ वर उतरतो, १११ वर अडकतो आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणतो. तुम्ही फायरवॉल तपासत बसता. एनएफएसव्हर्स असती तर मागितलेली आवृत्ती चालत नाही, हे लगेच कळले असते. फोल्डरचा मार्गही (पाथ) बदलू शकतो: सर्व्हरवर एखाद्या फोल्डरला एफएसआयडी=० देऊन मूळ ठरवले असेल तर ४ मध्ये मार्ग त्या मुळापासून मोजतात, ३ मध्ये पूर्ण लिहावा लागतो.

आमचे मत स्पष्ट आहे: डेटाबेस किंवा सामायिक होम फोल्डर असलेल्या यंत्रांवर एनएफएसव्हर्स=४ लिहा. एखादा जुना स्टोरेज बॉक्स फक्त ३ बोलत असेल, तर त्याच्यासाठी याच फाइलमध्ये 'सर्व्हर' विभाग करून तिथे एनएफएसव्हर्स=३ द्या; सगळ्यांसाठी पातळी खाली आणू नका. कमांडमधला पर्याय सर्वांत वरचढ, मग फाइलमधला माउंटपॉइंट (फोल्डर जिथे जोडतो ती जागा) विभाग, मग सर्व्हर, शेवटी सार्वत्रिक विभाग.

प्रत्यक्षात काय मिळाले ते 'एनएफएसस्टॅट -एम' या कमांडच्या उत्तरातल्या 'व्हर्स=' वरून कळते; फाइलमध्ये लिहिले म्हणून मिळाले असे धरू नका. आवृत्ती बदलायची तर रीमाउंट पुरत नाही, आधी अनमाउंट करून मग पुन्हा माउंट करा.