बाटलीची बुचं आणि वजनकाटा

माझ्या मुलाच्या वेळी आशाताई घरी यायच्या, झोळीच्या काट्यात बाळ घालून वजन करायच्या, थर्मामीटर लावायच्या, सगळं लिहून घ्यायच्या आणि चप्पल घालता घालता म्हणायच्या "बोलत जा गं त्याच्याशी." मी हो हो म्हणायचे पण मनात यायचं, सव्वा महिन्याच्या पोराशी बोलू काय, त्याला कळतंय काय. खूप नंतर जमैकातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा ताईंचं ते जाता जाता म्हणणं आठवलं.

गोष्ट 1986-87 ची, किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली. संशोधक सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या टीमने 9 ते 24 महिन्यांची 129 मुलं निवडली, सगळी वयाच्या मानाने उंचीला कमी, म्हणजे बरेच दिवस पोटाला नीट न मिळालेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर (घरातल्या बाकीच्यांनी ती संपवू नये म्हणून त्यांच्यासाठी मक्याचं पीठ वगैरे वेगळं दिलं, हे मला फार आवडलं, घर कसं चालतं ते माहीत असलेल्या माणसालाच हे सुचणार), दुसऱ्या गटाला आठवड्यातून एक तास खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

खेळ म्हणजे काय तर वस्तीतल्या आरोग्य सेविका, ज्यांचं स्वतःचं शिक्षण पण बेताचंच, त्या घरी जायच्या. सोबत प्लॅस्टिकच्या बाटल्या, बुचं, खोके, चिंध्या यातून बनवलेली खेळणी आणि चित्रांची पुस्तकं. खेळणं घरीच ठेवून जायचं आणि पुढच्या आठवड्यात बदलून दुसरं द्यायचं. आणि मुख्य म्हणजे त्या नुसत्या मुलाशी खेळून निघून जायच्या नाहीत, आईला खेळायला लावायच्या, मूल काही करून दाखवतंय तर कौतुक कर, जे दिसतंय त्याचं नाव घे, ते आवाज काढतंय तर तू उत्तर दे. मेंदूत पेशींची जोडणी या वयात जेवढ्या झपाट्याने होते तेवढी पुढे कधीच होत नाही, आणि कुठली जोडणी पक्की होणार ते कुठली वापरात आहे यावर बरंच ठरतं. बाळाने हुंकार दिला आणि समोरून कोणी ओ दिलीच नाही तर ती वाट वापरातच येत नाही.

दोन वर्षांनी दूधवाली पण पुढे होती आणि खेळवाली पण, दोन्ही मिळालेली सगळ्यात पुढे. म्हटलं तर इथेच गोष्ट संपायची, पण त्यांनी या मुलांचा माग सोडला नाही. सात-आठ वर्षांची होईपर्यंत दुधाचा फायदा जवळपास विरून गेला होता, खेळाचा टिकला. सतरा-अठराव्या वर्षी खेळ मिळालेल्या मुलांमधे चिंता आणि नैराश्य कमी दिसलं. बाविसाव्या वर्षाच्या आसपास 129 पैकी 105 जण सापडले, त्यांची कमाई मोजली तर लहानपणी खेळ मिळालेल्यांची 25 टक्क्यांनी जास्त, म्हणजे चांगल्या वाढलेल्या मुलांच्या बरोबरीला आले. 2014 साली हे 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं, त्यात अर्थशास्त्राचे नोबेलवाले जेम्स हेकमन पण होते. आता 129 हा आकडा लहानच आहे, त्यामुळे 25 टक्के म्हणजे दगडावरची रेघ असं कोणी धरून बसू नये.

आता मला यातली सगळ्यात भारी वाटलेली बारीकशी गोष्ट. ज्यांना खेळ नव्हता त्यांच्याकडे पण सेविका दर आठवड्याला जायच्याच! मूल आजारी होतं का वगैरे विचारायला. म्हणजे घरी कोणीतरी येतंय एवढ्याने काही झालं नाही, त्या एका तासात काय केलं त्याने झालं.

इंग्लंडमधे पण असंच काहीसं दिसलं. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी 1977 पासून नर्सला गरोदर बाईच्या घरी पाठवायला सुरुवात केली, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत, आणि मुलांची आबाळ, मारहाण कमी झाल्याचं पुढे दिसलं. तीच योजना इंग्लंडने नेली, पण तिथे घरी येणारी नर्स आधीपासूनच सगळ्यांना मिळते, 2015 मधे तपासलं तर मुख्य मोजमापांवर फरकच पडलेला नाही.

आपल्याकडे घरभेटीची परंपरा गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यावरूनच आशाताईंच्या भेटी देशभर सुरू झाल्या, पहिल्या 42 दिवसांत सहा, घरी बाळंतपण असेल तर सात. तिथे प्रश्न जीव वाचवायचा होता, त्यासाठी वजनकाटा आणि थर्मामीटर बरोबरच होते. 2018 पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत अजून पाच भेटी आल्या आणि त्यात खेळणं-बोलणं पण आहे, माता-बाल संरक्षण कार्डावर त्याची चित्रं आहेत बघा.

पण पाच भेटी, तीन-तीन महिन्यांनी, एका भेटीचे पन्नास रुपये. जमैकात वर्षाला पन्नासच्या आसपास भेटी होत होत्या. ओडिशात कटकच्या वस्त्यांमधे तोच जमैकाचा अभ्यासक्रम वस्तीतल्याच बायकांना शिकवून दर आठवड्याला घरोघरी पाठवून बघितलं, दीड वर्ष, आणि मुलांची समज वाढलेली दिसली. म्हणजे आपल्याकडे होत नाही असं नाही, फक्त आमच्या ताईंना ते वाक्य चप्पल घालता घालता म्हणावं लागत होतं, कारण त्या दिवशी त्यांना अजून चार घरं गाठायची होती.