कणकुंबीच्या नाक्यावरचा काळा बाजार

बेळगावची भाजी आणि दूध घेऊन रोज पहाटे गाड्या गोव्याला उतरतात आणि दुपारनंतर रिकाम्या परततात. चोर्ला घाट चढून कर्नाटकच्या हद्दीतल्या कणकुंबीला आलं की अबकारी खात्याचा शिपाई हौद्याच्या फळीवर बोटांनी वाजवत गाडीभोवती फिरतो. हौदा बाहेरून दिसतो तेवढा आतून खोल नसला, की तळाखाली चोरकप्पा सापडतो. मग दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: गोवा बनावटीची दारू जप्त. आम्ही खानापूर तालुक्यातली माणसं ही बातमी लहानपणापासून वाचत आलो आहोत.

हे सगळं आजकालचं नाही. १८८८ मध्ये गोव्यातल्या मुरगाव बंदराची रेल्वे घाट चढून आली, तेव्हा लोंढ्यापुढचं कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीचं टोक होतं आणि पलीकडचं कुळे पोर्तुगिजांचं. मधे कस्टमची झडती. जिथे जकात, तिथे ती चुकवणारी पायवाट आलीच. पुढे स्वातंत्र्यानंतर हा फरक आणखी वाढला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात, आणि तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा. गोव्यात मात्र दारू मोकळी, परदेशी घड्याळं आणि सोनंही मिळायचं. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि चोरट्या मालाचा भाव चढला. गोवामुक्तीच्या सत्याग्रहींना बेळगावनेही आसरा दिला होता. ज्या रानातून ते जीव मुठीत धरून गेले, त्याच रानातून गठुळी वाहणारेही जात होते, हे लिहिताना मन जड होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस आपण सीमाभागातली मराठी माणसं काळा दिन म्हणून पाळतो, पण चोरट्या वाहतुकीला राज्य बदलल्याचं काही सोयरसुतक नव्हतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, कस्टम उठलं. राहिला तो अबकारी करातला फरक, आणि धंद्याला तेवढा पुरतो. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायवर, म्हणजे अरॅक या स्वस्त देशी दारूवर, बंदी आली. २०१७ मध्ये जीएसटी आला, मालाचे कर नाके बंद झाले. पण दारू जीएसटीच्या बाहेर ठेवल्यामुळे अबकारीचा नाका तसाच राहिला.

याच खानापुरातून एक वेगळ्या जातीचा गुन्हा निघाला. स्टेशनवर फळं आणि शेंगा विकलेला अब्दुल करीम तेलगी मुंबईला गेला आणि बनावट स्टँप पेपरचा कारखानदार झाला. नाशिकच्या सरकारी छापखान्यातली मोडीत निघालेली यंत्रं मिळवायची, बाजारात खऱ्या स्टँपचा तुटवडा पाडायचा आणि बँका, विमा कंपन्यांना आपला कागद घाऊक सवलतीत द्यायचा. अंगावर वर्दी असलेली माणसं सामील असल्याशिवाय हे चालत नाही, आणि तशी काही पकडलीही गेली. २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली, पुढे ३० वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटींचा दंड. २०१७ मध्ये तो बंगळूरच्या इस्पितळात वारला.

घोटाळा केवढा होता? कोणी २० हजार कोटी म्हणालं, कोणी ३० हजारांच्या वर. आकड्यांचं हे असं होतं. देशातल्या काळ्या पैशाचा गाजलेला सरकारी अंदाज १९८५ चा: १९८३-८४ या एका वर्षात ३१,५८४ ते ३६,७८६ कोटी, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या १९ ते २१ टक्के. खालच्या आणि वरच्या आकड्यातच पाच हजार कोटींचं अंतर! शिवाय त्यात मोजलं होतं ते कर चुकवलेलं उत्पन्न. तस्करी आणि लाच त्यात धरलेलीच नव्हती. चोर्ल्याच्या गाड्या त्या हिशेबात नाहीत. अबकारी खात्याच्या वहीत येते ती फक्त जप्ती, निसटलेला माल कोण लिहिणार? त्यामुळे जप्ती वाढली म्हणजे तस्करी वाढली की पहारा कडक झाला, हे त्या आकड्यावरून ठरवू नये.

पंचनाम्यात गाडीचा नंबर, बाटल्यांची संख्या आणि चालकाचं नाव येतं. माल कोणाचा, हे क्वचितच. चालक बऱ्याचदा आपल्याच भागातला पोरगा असतो, गाडी कर्जाची. त्याला जामीन मिळतो. गाडी मात्र कणकुंबीच्या पावसात गंजत उभी राहते आणि हप्ता चालूच असतो.