थंड दूध हा जळजळीवरचा इलाज नव्हे
छातीत जळजळ झाली की पेलाभर थंड दूध प्यावे, हा सल्ला ठाण्यातल्या घरांत आजही दिला जातो. दुधाने काही मिनिटे बरे वाटते हे खरे. पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठरात आम्ल पुन्हा स्रवू लागते, आणि स्निग्धांशामुळे पोट रिकामे होण्यास वेळ लागतो. मूळ दोष असतो तो अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या, झडपेसारखे काम करणाऱ्या स्नायूचा: तो अवेळी सैल पडला की आम्ल वर चढते. रात्री उशिरा लोकलमधून उतरून, घोडबंदर रोडची कोंडी पार करून घरी पोहोचलेला माणूस अकराला भरपेट जेवतो आणि लगेच आडवा होतो, तेव्हा नेमके हेच घडते. उशाशी ठेवलेला दुधाचा पेला त्यात भरच घालतो. त्याऐवजी जेवण आणि झोप यांत 3 तासांचे अंतर ठेवावे, पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलावी, डाव्या कुशीवर झोपावे. ओमेप्रॅझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, जेवणाआधी घ्यावे. गिळताना त्रास होत असेल, शौचास काळी होत असेल किंवा वजन घटत असेल, तर तपासणी लांबवू नये; आणि छातीतल्या दुखण्यासोबत घाम फुटत असेल, तर कृपया त्याला पित्त समजून घरी थांबू नका, तत्काळ रुग्णालय गाठा.